नामाऐवजी

मंगळवारी संध्याकाळी, हल शहरात,
हेसल रोडवरच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
बेरिल हॅटर्सली सर्वनामं शिकवते.
मी खुर्च्या मांडतो, चहाचं बघतो,
हीटर कुरकुरला तर त्याला एक लाथ घालतो.

विद्यार्थी सहा. बहुतेक मासळीच्या कारखान्यातून थेट आलेले,
वहीच्या पानांनासुद्धा हॅडकचा वास.
इल्दिको हंगेरीची. हाब्तोम एरिट्रियाचा.
लिगाया फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी,
तिची घड्याळाकडे एक नजर कायम.

'नामाऐवजी येतं ते सर्वनाम,' बेरिल सांगते,
'पण आधी एकदा नाम यायला हवं.
नाहीतर ऐकणाऱ्याला कळणार कसं,
तो म्हणजे कोण?'

माझा कान अजून जुन्याच घरी राहतो.
इथे 'ही' म्हणजे पुरुष.
'माय' म्हणजे नुसतं माझं, आई नव्हे.
'दे' म्हटलं तरी कोणी काही देत नाही.
आणि 'मी',
मी इथे वाक्याच्या पहिल्या बाकावर बसत नाही,
क्रियापदाच्या पलीकडे उभा असतो,
जे काही होईल ते सोसायला.
पहिल्या बाकावर 'आय':
एकच अक्षर, काठीसारखं ताठ.

इल्दिकोच्या भाषेत तो आणि ती एकच.
स्वतःच्या मुलाला ती 'शी' म्हणते,
सुपरवायझर बाईंना 'ही'.
लिगायाचंही तेच.
बेरिल प्रत्येक वेळी दुरुस्त करते, न कंटाळता,
स्वेटरचा सुटलेला टाका उचलावा तशी.

'स्वयंपाक मी एकटी करते,' असं लिहायचं होतं लिगायाला.
लिहिलं ते असं: मी स्वतःला शिजवते.
'मध्ये एक बाय घाल, पोरी,' बेरिल म्हणाली, 'नाहीतर करपशील.'
सगळ्यात जास्त हसली ती लिगायाच.

मग हाब्तोमनं विचारलं,
'तुम्ही न्यायाधीशालाही यू म्हणता
आणि कुत्र्यालाही?'
'पूर्वी आमच्याकडे एक तू होता,' बेरिल म्हणाली.
'इकडे यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं टिकला.
तो वापरायचा घरात, गोदीवरून आला की.
तुझा चहा गार झाला बघ, म्हणायचा.
आता मला तू म्हणणारं कुणी नाही.'
आणि लगेच फळ्याकडे वळून:
'कुणी. कुणीही. कुणीच नाही.
ही अनिश्चित सर्वनामं. लिहून घ्या.'

आम्ही लिहून घेतलं.

पुढचं उदाहरण तिनं स्वतःच रचलं:
रविवारी वुई विदर्नसीला जातो, समुद्र बघायला.
लिगायाचा हात वर.
'या वुईत मी आहे का?
आमच्या भाषेत दोन आहेत.
एकात समोरचा माणूस येतो,
एकात त्यानं दाराबाहेर थांबायचं.'

माझ्या हातातल्या कपबशा वाजल्या.
आम्ही आणि आपण! आमच्याकडेही! सांगायचं होतं मला,
पण बेरिल फळ्यावरच्या वाक्याकडे बघत होती,
कुणीतरी दुसऱ्यानंच ते लिहिलं असावं तशी.

'या वुईत,' ती म्हणाली, 'मी आहे. आणि तो.'
'तो कोण?' इल्दिको, वहीतून मान वर न काढता.
नियमच होता तो. आधी नाम.

बेरिलनं मार्करचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.
लिहिलं: क्लिफर्ड.
एकोणीस महिन्यांत या हॉलमध्ये पहिल्यांदा.

हीटर तेवढा बोलत राहिला.
मग लिगाया, हळूच:
'ती चांगला माणूस होती?'

आम्ही सगळे थांबलो, दुरुस्तीसाठी.

'हो,' बेरिल म्हणाली,
'ती फार चांगला माणूस होती.'

फळा पुसायचं काम माझं.
त्या दिवशी मी वुई पुसलं, विदर्नसी पुसलं,
एक शब्द ठेवून दिला कोपऱ्यात.
मागे दाराशी लिगाया कोटाची बटणं लावत
कुणालाच उद्देशून नाही अशी सांगत होती,
'या रविवारी मला सुट्टी आहे.'